राजवाडा की धर्मशाळा? जयपूरच्या मुक्कामाचा प्रश्न

दिवाळीची सुटी जवळ आली की महाराष्ट्रातील हजारो नोकरदार आणि कामगार कुटुंबे राजस्थानची वाट धरतात. मुंबईहून आणि पुण्याहून निघालेल्या गाड्या जयपूरच्या स्थानकात येऊन थांबतात. बोचकी, पाण्याच्या बाटल्या आणि चिवड्या-लाडवांचे डबे फलाटावर उतरतात. पाहावयाच्या स्थळांची यादी घरीच तयार झालेली असते. आमेरचा किल्ला, हवामहाल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल. अनेकांचे ठरलेले नसते ते एकच : मुक्काम कोठे करावयाचा? स्थानकाबाहेर पाऊल टाकताच रिक्षावाले आणि हॉटेलांचे दलाल भोवती जमतात आणि रात्रभराच्या प्रवासाने आंबलेल्या कुटुंबाला पाच मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो.

हा निर्णय खिशाचा आहे, त्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ज्याची जशी ऐपत तशी त्याची खोली. परंतु जयपूरसारख्या शहरात निवासाच्या प्रत्येक प्रकारामागे एक इतिहास उभा आहे. राजवाड्याचे हॉटेल, सरकारी पर्यटक निवास, जातीची धर्मशाळा, स्थानकासमोरचे लॉज यांपैकी काय वाढले, काय आटले आणि कोणासाठी, हे पाहिले म्हणजे विश्रांती हा या देशात कोणाचा हक्क समजला जातो आणि कोणाची चैन, याचा उलगडा होतो.

विश्रांतीचा हक्क

कष्टकऱ्याने सहलीला जावे ही कल्पनाच मुळात नवी आहे. तीर्थयात्रा होती, लग्नकार्यासाठी गावी जाणे होते; परंतु केवळ थकवा घालवण्यासाठी आणि जग पाहण्यासाठी चार दिवस काढणे हे धनिकांचे काम समजले जाई. हे चित्र बदलले ते संघर्षामुळे. फ्रान्समध्ये १९३६ साली लोकआघाडीचे सरकार निवडून आले, कारखान्या-कारखान्यांतून संपांची लाट उसळली आणि तिच्या रेट्याने दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला. त्याच उन्हाळ्यात तेथील कामगारांना सुटीच्या रेल्वे प्रवासासाठी ४० टक्के सवलत मिळाली आणि असंख्य कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी रजेचा करार संमत केला तोही १९३६ सालीच.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा देण्याचे बंधन मालकांवर घातले. राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात निर्वाहवेतनाच्या जोडीने फुरसतीच्या पूर्ण उपभोगाचाही उल्लेख आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. १९५६ पासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत मिळू लागली आणि पुढे बँका, विमा, सार्वजनिक उद्योग यांतील कर्मचाऱ्यांनी ती संघटनेच्या बळावर मिळवली. आज जयपूरच्या स्थानकावर मराठी बोलणारी जी कुटुंबे दिसतात, त्यांतील कित्येकांचे तिकीट या सवलतीतून आलेले असते.

तथापि प्रवासाचे तिकीट मिळाले म्हणजे विश्रांती मिळाली, असे होत नाही. चार दिवस पाठ टेकावयास परवडणारी, स्वच्छ आणि सन्मानाची जागा नसेल तर रजेचा हक्क अर्धाच राहतो. आणि जो बहुसंख्य श्रमिकवर्ग असंघटित आहे, ज्याची एक दिवसाची सुटी म्हणजे एक दिवसाची बुडालेली मजुरी, त्याच्यापर्यंत तर हा अर्धा हक्कही पोहोचलेला नाही. निवासाच्या प्रश्नाचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा.

राजवाड्यांचे काय झाले?

सवाई जयसिंहांनी १७२७ साली या नगराचा पाया घातला. विद्याधर भट्टाचार्य यांच्या सहाय्याने नऊ चौकड्यांत आखलेले, रुंद सरळ रस्त्यांचे हे शहर त्या काळच्या नगररचनेचा उत्तम नमुना होय. कसबानुसार कारागिरांना गल्ल्या नेमून दिल्या होत्या. मणिहारांचा रस्ता, ठठेऱ्यांचा रस्ता ही नावे आजही त्याची साक्ष देतात. १८७६ साली इंग्लंडचे युवराज येणार म्हणून सारे शहर रंगविले गेले आणि 'गुलाबी शहर' हे नाव पडले. साम्राज्याच्या पाहुण्यासाठी काढलेला हा रंग आज पर्यटनाच्या जाहिरातीचे मुख्य भांडवल आहे.

राजघराण्याचे वाडे हॉटेले कसे झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. रामबाग हा मुळात १८३५ च्या सुमारास एका बागेत उभा राहिलेला छोटा वाडा. पुढे त्याचा विस्तार होत गेला आणि तो सवाई मानसिंह दुसरे यांचे निवासस्थान झाला. त्यांच्या पत्नी महाराणी गायत्रीदेवी या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नात, हा मराठी वाचकांना जवळचा वाटणारा धागा. १९४९ मध्ये राजस्थान संघराज्य अस्तित्वात आले, मानसिंह राजप्रमुख झाले आणि जयपूरच्या राजाला वार्षिक १८ लाख रुपये तनखा ठरला. १९५७ साली रामबाग हॉटेल झाले. १९७० साली तनखे बंद करण्याचे विधेयक राज्यसभेत अल्पशा फरकाने पडले, त्यानंतरचा राष्ट्रपतींचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, आणि अखेर १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे संपुष्टात आले. १९७२ मध्ये रामबागचे व्यवस्थापन ताज समूहाकडे गेले.

यातील मर्म लक्षात घेतले पाहिजे. तनखे गेले, बिरुदे गेली. परंतु विलीनीकरणाच्या करारांत 'खाजगी मालमत्ता' म्हणून नोंदलेले वाडे, बागा आणि जमिनी राजांकडेच राहिल्या. रयतेच्या शेतसाऱ्यावर आणि वेठीवर पोसलेल्या सरंजामी वैभवाला मोठ्या भांडवलाचा हात मिळाला आणि काल ज्याच्या दारात प्रजेला मुजरा करावा लागे, त्याच वाड्यात राजासारखे राहण्याचा अनुभव रोख रकमेवर विकला जाऊ लागला. ठाकूर-जहागीरदारांच्या हवेल्यांनीही हाच मार्ग धरला. सरकारनेही १९५० पूर्वीच्या अशा वास्तूंना 'वारसा हॉटेल' हा वेगळा दर्जा देऊन त्यांना उत्तेजन दिले. १९८२ साली राजांच्या डब्यांची आठवण विकणारी 'पॅलेस ऑन व्हील्स' ही आलिशान गाडी सुरू झाली, तीही सरकारी रेल्वे आणि राज्याचे पर्यटन महामंडळ यांच्या सहकार्याने.

राजवाड्याचा दुसरा उपयोग होऊ शकत नाही, असे मात्र नाही. रशियात झारचा क्रिमियातील लिवादिया राजवाडा क्रांतीनंतर श्रमिकांच्या आरोग्यासाठी राखला गेला. १९२० च्या डिसेंबरात क्रिमियातील वाडे कष्टकऱ्यांच्या उपचारांसाठी वापरण्याचा हुकूम निघाला आणि १९२५ मध्ये लिवादियात शेतकऱ्यांचे आरोग्यधाम सुरू झाले. जेथे झारचे कुटुंब उन्हाळा घालवी, तेथे नांगर धरणारी माणसे हवापालटासाठी येऊ लागली. सोव्हिएत राज्य १९९१ साली लयास गेले आणि लिवादिया आज संग्रहालय आहे. तरीही राजवाड्याच्या खाटेवर शेतकऱ्याने झोपावे ही गोष्ट एकदा प्रत्यक्षात घडली होती, हे कोणी पुसून टाकू शकत नाही.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. हॉटेल झाल्यामुळे यातील कित्येक वास्तू पडझडीतून वाचल्या. चुन्याची घोटीव कामे, जाळ्या, भित्तिचित्रे यांचे कसब जाणणाऱ्या कारागिरांना काम मिळाले. सरकारच्या ताब्यात गेलेल्या अनेक जुन्या इमारतींची कचेऱ्यांनी आणि वटवाघळांनी काय दशा केली, हे राजस्थानात जसे दिसते तसे महाराष्ट्रातील गढ्या-वाड्यांतही दिसते. तेव्हा राजवाड्यांना कुलपे घाला, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, लोकांच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या या वास्तूंच्या आत पाऊल टाकण्याचा मार्ग केवळ हजारो रुपयांच्या खोलीतूनच का जावा?

सार्वजनिक निवासाची परवड

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला एक उत्तर शोधले गेले होते, ते सार्वजनिक क्षेत्राचे. राजस्थान पर्यटन विकास महामंडळाने १९७९ च्या एप्रिलपासून कामास प्रारंभ केला आणि राज्यभर पर्यटक निवासांचे जाळे विणले. जयपुरात गणगौर, तीज अशा लोकसणांची नावे दिलेली हॉटेले त्याने चालवली. संस्थानच्या पाहुण्यांसाठी असलेली खासा कोठी ही वास्तू सरकारी हॉटेल बनली. केंद्राच्या पर्यटन महामंडळाचे 'जयपूर अशोक' होते. मध्यमवर्गीय शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी यांच्यासाठी ही निवासस्थाने मोठा आधार होती. फलकावर दर लिहिलेला असे, पावती मिळे आणि बायकामुलांसह निर्धास्त राहता येई.

नव्वदच्या दशकापासून हे चित्र पालटले. उदयपूरचे सार्वजनिक मालकीचे लक्ष्मी विलास पॅलेस हॉटेल २००२ साली निर्गुंतवणुकीत सुमारे साडेसात कोटी रुपयांना विकले गेले. 'जयपूर अशोक' चालविण्यातून केंद्राने अंग काढून घेतले आणि ते राज्याच्या हवाली करण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. राज्य महामंडळाची अनेक मोटेले आणि हॉटेले तोट्यापायी बंद पडली. खुद्द जयपुरात मानसागर तलावाच्या काठची, जलमहालासमोरची सुमारे १०० एकर जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने खाजगी विकासकाला देण्यात आली होती. २०१२ साली उच्च न्यायालयाने तो पट्टा रद्द ठरविला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुदत ३० वर्षांवर आणली. नागरिक न्यायालयात गेले नसते तर तीन पिढ्यांसाठी तो काठ लोकांच्या हातून गेला असता.

सार्वजनिक हॉटेलांच्या ऱ्हासाचा सगळा दोष खाजगीकरणाच्या धोरणावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते पुरते खरे नाही. गळके नळ, ओल आलेल्या गाद्या, न बदललेल्या चादरी, पाहुण्याकडे पाठ करून बसणारा स्वागतकक्ष, मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या पाहुण्यांसाठी अडवून ठेवलेल्या खोल्या, हे सारे प्रवाशांनी वर्षानुवर्षे सोसले. सार्वजनिक मालकी म्हणजे कोणाचीच मालकी नाही, अशी समजूत जेथे रुजते, तेथे विक्रीला निमित्त आयते मिळते. सार्वजनिक क्षेत्राचे रक्षण करू म्हणणाऱ्यांनी त्यातील खोली स्वच्छ ठेवण्याचाही आग्रह धरला पाहिजे. जो प्रवासी एकदा अस्वच्छ खोलीतून परतला, तो त्या हॉटेलाच्या विक्रीविरुद्ध रस्त्यावर उतरेल, अशी अपेक्षा कशी करावी?

त्यातच स्वस्त निवासावरील कराची गोष्ट आहे. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर रोज एक हजार रुपयांच्या आतील खोल्या करमुक्त होत्या. १८ जुलै २०२२ पासून त्यांच्यावरही १२ टक्के कर बसविण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेसात हजारांपर्यंतच्या सर्व खोल्यांसाठी हा दर ५ टक्के झाला, हे स्वागतार्ह. परंतु आठशेच्या खोलीत उतरणारा कामगार आणि सात हजारांच्या खोलीत उतरणारा व्यापारी यांना एकाच मापाने मोजण्याचे धोरण मात्र कायम राहिले आणि गेलेली करमाफी परत आली नाही.

धर्मशाळेचे दार कोणासाठी?

सरकारी निवासाच्या कितीतरी आधीपासून आपल्या देशात धर्मशाळा होती. मराठी माणसाला हे नव्याने सांगावयास नको. जयपूरपासून काही तासांच्या अंतरावरील पुष्करपर्यंत अहिल्याबाई होळकरांच्या बांधकामांच्या खुणा पोहोचल्या आहेत. जयपुरातही व्यापारी समाजांनी बांधलेल्या धर्मशाळा आहेत आणि त्यांतील अनेकांत आजही अल्प देणगीत नीटनेटकी खोली मिळते.

परंतु धर्मशाळेचे दार सर्वांसाठी सारखे उघडत नव्हते, हे सत्यही विसरता येणार नाही. १९१७ साली परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी त्या शहरात उतरले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशांच्या एका वसतिगृहात नाव बदलून त्यांनी काही दिवस काढले. ओळख उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. ज्या सयाजीरावांनी त्यांच्या शिक्षणाला साहाय्य केले, त्यांच्याच राजधानीत हे घडले. मुक्काम कोठे करावा हा प्रश्न या देशातील कोट्यवधी लोकांसाठी आवडीनिवडीचा नव्हता, अपमानाचा होता.

महाराष्ट्राने या प्रश्नाला दिलेले उत्तर गाडगेबाबांचे. जयपूर युवराजासाठी रंगविले गेले त्याच १८७६ साली विदर्भात जन्मलेल्या या निरक्षर संताने झाडू हाती घेऊन पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत रुग्णालयांत दूरगावांहून येणाऱ्या आजाऱ्यांच्या नातेवाइकांची सोय केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. स्वतः मात्र ते यांपैकी कोणत्याही इमारतीचे मालक झाले नाहीत. सार्वजनिक निवास कसा असावा याचा याहून चांगला धडा कोणत्याही पर्यटन महामंडळाच्या पुस्तिकेत सापडणार नाही.

आज कायदा स्पष्ट आहे. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदानुसार दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही अडविता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने अस्पृश्यतेवरून धर्मशाळेचे आणि मुसाफिरखान्याचे दार बंद करणे गुन्हा ठरविला. असे असूनही ओळखपत्रावरील आडनाव वाचून 'खोली शिल्लक नाही' असे सांगण्याची युक्ती देशात कोठेच पुरती संपलेली नाही. ज्याचे आडनाव निर्वेध आहे त्याला हा अनुभव येत नाही; म्हणूनच त्याने तो समजून घेण्याची अधिक गरज आहे. आपल्याला सहज खोली देणारी धर्मशाळा आपल्या सहकाऱ्यालाही देईल काय, हा प्रश्न विचारून मगच तेथे उतरणे हे साधे बंधुत्व होय.

खोली झाडणारे हात

निवासाची निवड करताना सर्वांत कमी विचार होतो तो तेथे राबणाऱ्यांचा. जयपूरचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मार्च असा असतो. या सहा महिन्यांत आसपासच्या जिल्ह्यांतून आणि दूरच्या डोंगराळ प्रदेशांतून तरुण येतात. चादरी बदलतात, भांडी घासतात, सामान उचलतात, रात्रपाळी करतात. उन्हे तापली की त्यांतील अनेकांची गरज संपते. मोठ्या हॉटेलांत कायम सेवेच्या जागी कंत्राटी भरती वाढत गेली. लहान लॉजांत हजेरीपट, भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा हे शब्द पुष्कळदा ऐकूही येत नाहीत. पाहुण्याने दिलेली बक्षिसी हाच कित्येकांच्या वेतनाचा भाग होऊन बसतो, म्हणजे मालकाने द्यावयाची मजुरी पाहुण्याच्या दयेवर सोपविली जाते.

राजवाड्याच्या हॉटेलात पाहुण्याच्या स्वागताला साफा बांधलेला, मिशा पिळलेला दरवान कमरेत वाकून उभा असतो. संध्याकाळी अंगणात कालबेलिया नृत्य होते, कठपुतळीचा खेळ होतो. कालबेलियांच्या कलेला २०१० साली युनेस्कोने मानवतेचा वारसा म्हणून मान्यता दिली. परंतु भटके जीवन जगत आलेल्या या समाजाला हक्काचे घर आणि स्थिर उत्पन्न मिळावे यासाठी तेवढी तत्परता कोणी दाखविली नाही. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले बंद झाली तेव्हा दरवानाचा साफा, नर्तकीचा घागरा आणि खानसाम्याची टोपी एकाच वेळी खुंटीला टांगली गेली. वाडा मात्र जागच्या जागी होता. मंदीचा भार नेहमी कोणाच्या डोक्यावर पडतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

यावर उपाय म्हणून हॉटेलांवर बहिष्कार घालावा, असे सुचविणे भाबडेपणाचे ठरेल. पाहुणे आले नाहीत तर प्रथम उपाशी राहतो तो कामगारच. उपयोगी पडेल ती पाहुण्याची जागरूकता आणि कामगारांची संघटना. महाराष्ट्रातून जाणारा प्रवासी स्वतः एखाद्या युनियनचा सभासद असेल, तर खोली झाडणाऱ्याशी दोन शब्द बोलणे, पगार वेळेवर मिळतो काय, साप्ताहिक सुटी असते काय हे विचारणे त्याला जड जाऊ नये. स्वतःच्या पगारी रजेवर आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या रजेची चौकशी करणे, यात एकजुटीचा सर्वांत साधा अर्थ सामावलेला आहे.

पाणी आणि ऊन

कर्कवृत्त राजस्थानच्या दक्षिण टोकाला, बांसवाड्याच्या बाजूने जाते. जयपूर त्याच्या उत्तरेला असले तरी उन्हाळ्यात तेथील पारा कधी कधी ४५ अंशांपलीकडे जातो. याच राज्यात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. अशा प्रदेशात थंडगार खोली आणि निळे पाणी भरलेला तलाव यांची जाहिरात मनाला भुरळ घालते. परंतु ते पाणी येते कोठून?

एके काळी जयपूरची तहान रामगढचा तलाव भागवीत असे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती याच तलावात झाल्या होत्या. पाणलोटातील अडथळे आणि अतिक्रमणे यांमुळे तो पुढे कोरडा पडला आणि शहर टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरील बिसलपूर धरणावर अवलंबून राहू लागले. त्या पाण्यावर शेतकऱ्यांचाही हक्क होता. १३ जून २००५ रोजी टोंक जिल्ह्यातील सोहेला येथे बिसलपूरच्या पाण्यासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. जयपूरच्या प्रत्येक नळाला, आणि म्हणून प्रत्येक पोहण्याच्या तलावाला, हा इतिहास चिकटलेला आहे. मराठवाड्यातून किंवा माणदेशातून आलेल्या प्रवाशाला तो अधिक सांगावा लागणार नाही.

जुन्या जयपूरच्या बांधणीत उन्हाचा विचार होता. जाड भिंती, आतील चौक, दगडी जाळ्या, उंच छते यांमुळे वारा खेळता राहतो. १७९९ साली सवाई प्रतापसिंहांच्या काळात बांधलेला हवामहाल म्हणजे याच तत्त्वाचा परमोत्कर्ष. म्हणून थंडीच्या आरंभी वा अखेरीस जाणाऱ्याला जुन्या घरातील साधी खोलीही सुखाची वाटते. तेथे यंत्राच्या थंडाव्याची फारशी गरज भासत नाही.

मग उतरावे कोठे?

या सर्व विवेचनातून काही व्यवहारी निष्कर्ष निघतात.

पहिला असा की, ज्यांच्या संघटनांनी किंवा संस्थांनी विश्रामगृहे उभारली आहेत, त्यांनी प्रथम तेथे चौकशी करावी. अनेक बँका, विमा कंपन्या आणि सार्वजनिक उपक्रम आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पर्यटनस्थळी अशी निवासस्थाने राखतात. ही सोय कोणा व्यवस्थापनाच्या औदार्यातून आलेली नाही. तिच्यामागे संघटित मागणी आहे. ती वापरली नाही तर 'मागणी नाही' म्हणून बंद होते. रेल्वेच्या विश्रामकक्षांची आणि सरकारी युवा वसतिगृहाची गोष्टही तशीच.

दुसरा असा की, तटाच्या आतील जुन्या शहरातील लहान, कुटुंबाने चालविलेले निवास किंवा घरगुती पाहुणेघर यांना प्राधान्य द्यावे. तेथे दिलेला पैसा बहुधा त्याच गल्लीत फिरतो. पहाटे दूधवाल्याची हाक, ठठेऱ्यांच्या हातोड्यांचा ठोका, लाखेच्या बांगड्या वळणाऱ्या मणिहारांचे घर, रत्ने घासणाऱ्यांच्या खोल्या, हे खरे जयपूर उंबरठ्यावरच भेटते. २०१९ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविले ते याच नांदत्या नगराला. वाहतुकीची अडचणही आता उरलेली नाही. २०१५ साली मानसरोवर ते चांदपोल अशी सुरू झालेली मेट्रो २०२० पासून बडी चौपडपर्यंत जाते. रेल्वे स्थानकावरून थेट हवामहालाच्या जवळ थोड्या पैशांत पोहोचता येते. दलालाच्या हाती सापडण्याचे कारण राहत नाही.

तिसरा असा की, सरकारी पर्यटक निवास चांगल्या स्थितीत असेल तर आवर्जून तेथे उतरावे, नसेल तर लेखी तक्रार करावी. न सांगता निघून जाणारा ग्राहक खाजगीकरणाला मूकसंमती देत असतो.

चौथा असा की, ज्याला एकदा राजवाडा आतून पाहावयाचा आहे, त्याने त्याची लाज बाळगू नये. ते घडविणारे हात आपल्याच पूर्वजांसारखे होते. परंतु चार रात्रींच्या राजेपणासाठी सहा महिने हप्ते फेडण्याचा मोह टाळावा. शेजाऱ्याला दाखविण्यासाठी केलेली सहल थकवा घालवीत नाही, वाढविते.

प्रश्न एका कुटुंबाचा नाही

अर्थात प्रवाशाने कितीही विचारपूर्वक खोली निवडली तरी मूळ प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. स्वस्त, स्वच्छ आणि जातिधर्म न पाहणारा निवास ही शाळा आणि दवाखाना यांच्यासारखीच सार्वजनिक गरज आहे. प्रत्येक मोठ्या पर्यटनस्थळी कामगार कल्याण निधीतून विश्रामगृहे उभी राहावीत, असंघटित कामगारांना त्यांत राखीव जागा असाव्यात, लहान खोल्यांवरील कर पुन्हा माफ व्हावा, हॉटेल कामगारांना हंगाम संपल्यावरही उत्पन्नाची हमी मिळावी, या मागण्या कामगार संघटनांच्या सनदेत वेतनवाढीच्या शेजारी बसण्याच्या योग्यतेच्या आहेत. ज्या राजवाड्यांना वारसा म्हणून सरकारी सवलती मिळतात, त्यांनी वर्षातील काही दिवस शाळकरी मुलांना आणि कामगार कुटुंबांना आपली दारे उघडावीत, ही अपेक्षाही वावगी नाही.

पुढील दिवाळीत जयपूरच्या फलाटावर एखादे मराठी कुटुंब बोचकी घेऊन उतरेल. शक्य आहे की, त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यातून हंगामाच्या कामासाठी निघालेला एखादा तरुणही उतरेल, जो त्यांच्याच खोलीतील चादरी बदलणार आहे. एकाच्या विश्रांतीची व्यवस्था दुसऱ्याच्या श्रमावर उभी आहे, आणि त्या दुसऱ्यालाही कधीतरी समुद्र पाहावयास मुंबईला यावयाचे आहे. त्याला तेथे उतरावयास जागा मिळेल काय, हा प्रश्न ज्याच्या मनात येईल, त्याने आपला मुक्काम योग्य ठिकाणी केला असे समजावे.